समोरचा भिडू

सावंतवाडीचा गंजिफा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला आहे, खेळला मात्र फार थोड्यांनी. बांद्यामार्गे वाडीला जायचे, लाकडी फळे-भाज्या घ्यायच्या, राजवाड्यात कारागीर गोल पानांवर मत्स्य-कूर्म रंगवत बसलेले बघायचे आणि परत यायचे, असा आपला शिरस्ता. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात या कलेत पुन्हा जीव ओतला म्हणून निदान पाहायला तरी मिळते आहे. पण गंजिफा ही काही भिंतीवर लावायची वस्तू नव्हे, तो खेळ आहे. आणि खेळ म्हणून त्याच्याकडे पाहिले की एक गंमत ध्यानात येते.

दशावतारी गंजिफ्यात १२० पाने. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची पाने. खेळणारे तिघे, प्रत्येकाला चाळीस पाने. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची, रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने. निम्म्या रंगांत दहाचे पान मोठे, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. म्हणजे नुसत्या मोठ्या आकड्यांनी हात भरला म्हणून कुणी शेफारून जायला नको! इतका बारीक विचार करणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र केली नाही. तिघांपैकी कुणालाच भिडू दिला नाही. ज्याची त्याची लढाई ज्याने त्याने लढायची.

तिघांच्या खेळात एक जुनी अडचण असते. एक पुढे गेला की उरलेले दोघे न बोलता एक होतात. तशी बोली झालेली नसते, पण होते खरे. राजकारणात आपण हे रोज पाहतो, तेव्हा जास्त सांगायला नको.

बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ साली त्याने सिंधच्या शाह हसनला गंजिफाची पाने पाठवल्याची नोंद आहे, कारण त्या गृहस्थाला खेळाचा नाद होता आणि त्याने ती मागितली होती. पुढे अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त बारा रंगांच्या १४४ पानांच्या खेळाचे वर्णन केले आहे. म्हणजे पत्त्यांचा शौक दरबारी. पण दोघांनी मिळून दोघांशी खेळायचे, आणि तेही शेजारी न बसता समोरासमोर बसून, ही कल्पना आपल्या पत्त्यांत नेमकी कुठून आली असावी, हा प्रश्न माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळतो आहे.

भिडूची कल्पना आपल्याला अगदीच नवी नव्हती. चौघांच्या बुद्धिबळाचे, म्हणजे चतुराजीचे, वर्णन अल-बिरुनीने अकराव्या शतकात करून ठेवले आहे. एकाच पटावर चार सैन्ये, प्रत्येकाकडे राजा, हत्ती, घोडा, नाव आणि चार प्यादी, आणि चाल फाशांवर. पुढे बंगालच्या रघुनंदनाने 'तिथितत्त्वा'त या खेळाचे नियम दिले, त्यात मित्रपक्ष आहेत. पण तो मित्र कसला! तुम्ही आपल्याच मित्राचा राजा मारलात तर त्याचे सैन्यही तुमच्या हाताखाली येते. आता असा मित्र समोर बसलेला असताना शत्रूकडे बघायला उसंत कुणाला मिळणार? खेळ रचणाऱ्याने जोड्या पाडल्या, पण जोडीतल्या दोघांचे हित एक केले नाही. माझ्या मते तो खेळ मागे पडला त्यात फाशांइतकाच याचाही वाटा असावा.

बावन्न पानांचा जोड मात्र समुद्रावरून आला. पोर्तुगीज खलाशी जिथे गेले तिथे पत्ते घेऊन गेले. जपानी भाषेत पत्त्यांना 'कारुता' म्हणतात तो पोर्तुगीज 'कार्ता'चाच अवतार, आणि त्या जहाजांचा रस्ता आपल्या मांडवीवरूनच जात होता. आज आपण जी पाने पिसतो ती मात्र इंग्रजी वळणाची. तरीही 'किलवर' हा शब्द उच्चारून पाहा. डच भाषेत त्या रंगाला 'क्लाव्हर' म्हणतात. डचांची वखार सुरतेला होती, तेव्हा हा शब्द तापीकाठी उतरून आपल्यापर्यंत पोचला असावा असा माझा आपला अंदाज आहे. त्याच सुरतेत कतारगामला डचांची थडगी आहेत आणि त्यांतल्या एका भव्य घुमटाखाली १६९१ साली वारलेला व्हान रीड पहुडला आहे. हाच तो 'हॉर्टुस मलबारिकुस'वाला. रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या आपल्या तिघा कोंकणी वैद्यांनी ज्याला वनस्पती सांगितल्या आणि नागरीत दाखला लिहून दिला, तो हा माणूस. असो, विषय पत्त्यांचा आहे.

आता मेंढीकोट. चवथीत आरत्या-भजने आटोपली, माटोळीखालची माणसे पांगली की सोप्यावर चटई पडते, ती रात्रभर हलत नाही. तिथे जे डाव होतात त्यांतला हा एक. गुजरातेत याला मिंडी म्हणतात, उत्तरेकडचा याचा चुलतभाऊ 'दहला पकड'. नियमांचे पुस्तक कुणाजवळ नसते, पण खेळाची बांधणी इतकी घट्ट आहे की ज्याने बसवला त्याला मी मनातल्या मनात हात जोडतो. चौघे, दोन जोड्या, भिडू समोरासमोर. बावन्न पाने, प्रत्येकी तेरा. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. तीन किंवा चार मेंढ्या ज्यांनी नेल्या ते जिंकले. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात सात ते जिंकले. तेरा ही संख्या विषम, त्यामुळे बरोबरी होऊच शकत नाही. पोर्तुगीजांच्या आवडत्या 'सुएका'शी ताडून पाहा. तोही चौघांचा, जोड्यांचा, चाळीस पानांचा. पण त्यात गुण १२०, म्हणजे ६०-६० होऊन डाव लटकू शकतो. मेंढीकोटात डाव कधी लटकत नाही.

पण खरी मेख आहे ती दश्शीत. बक्षीस एक्क्याला का नाही? एक्का बलवान, तो स्वतःला सांभाळतो. त्यालाच बक्षीस केले असते तर ज्याला चांगली पाने आली तोच जिंकला असता आणि भिडू नुसता पाने टाकायला उरला असता. दश्शी मोलाची खरी, पण गुलाम, राणी, राजा, एक्का असे चौघे तिला खाणारे. ती एकटी घरी पोचत नाही. भिडूचा एक्का पडला की त्याखाली आपली दश्शी सोडायची. म्हणजे ज्याच्या हातात सगळा पाला आला आहे, त्याच्याकडेही एखादी मेंढी असली की तो डावाचा मानकरी होतो. ताकद एकाकडे आणि मोल दुसऱ्याकडे ठेवून दोघांना एकमेकांची गरज लावून दिली आहे. चतुराजीला जे साधले नाही ते इथे साधले.

बसण्याची पद्धतही फुकाची नाही. भिडू शेजारी बसले तर एका बाजूची दोन पाने लागोपाठ पडणार आणि दुसऱ्या बाजूचे दोघे मागून आरामात बघून खेळणार. समोरासमोर बसले की पान आळीपाळीने पडते. शिवाय कानात कुजबुजायची सोय राहत नाही, हा फायदा वेगळाच. तुमच्या दोन्ही कोपरांना शत्रू आणि आपला माणूस तेवढा चटईच्या पलीकडे!

हे सगळे घरबसल्या सुचले नाही. २०२४च्या मे महिन्यात आम्ही साडूभाऊंकडे उधन्याला गेलो होतो. उधना हे सुरतेच्या दक्षिणेचे जंक्शन, जिथून जुन्या ताप्ती व्हॅली रेल्वेचा फाटा बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर करत जळगावला जातो. या एका फाट्याने उधन्याचा इतिहास घडवला म्हटले तरी चालेल. खानदेशातला माणूस त्या गाडीत बसला आणि यंत्रमागावर उतरला. उधना, लिंबायत, डिंडोली भागात फिरताना कानावर अहिराणी पडत राहते. पांडेसऱ्याकडे वळलात की ओडिशाच्या गंजामची माणसे, जोडीला उत्तर प्रदेशची, आणि मूळचे सुरती तर आहेतच. बारा-बारा तासांच्या पाळ्या, मागांचा खडखडाट असा की घरी आल्यावरही माणसे मोठ्यानेच बोलतात.

साडूभाऊंच्या चाळीत सुट्टीच्या दिवशी जिन्याखाली पत्ते रंगतात. पैसे नाहीत, हरणाऱ्याने चहा पाजायचा. (गुजरातेत श्रावणात, सातम-आठमच्या दिवसांत, पत्त्यांना ऊत येतो आणि पोलिसांच्या धाडीही पडतात, त्यामुळे पैशांची बोली नको, असे तिथल्या जाणत्यांनी ठरवून टाकले आहे. रमी हा कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली म्हटले आहे, पण धाड पडल्यावर जिन्याखाली निकालपत्र वाचून कोण दाखवणार?)

तिथे सहा जण खेळत होते. तीन खानदेशी, एक सुरती म्हातारबाबा, एक गंजामचा तरुण आणि एक जौनपूरकडचा. जौनपूरवाल्याचा दहला पकड निराळा. त्यात पडलेले हात मध्येच साठत राहतात आणि एकाच माणसाने लागोपाठ दोन हात केले की सगळा ढीग उचलायचा. गंजामच्या तरुणाच्या आजोबांकडे गोल गंजपाची पाने होती म्हणे. मी त्याला सावंतवाडीची गोष्ट सांगितली तेव्हा तो खेळ थांबवून ऐकत राहिला. देशाच्या दोन टोकांना एकच गोल पान, आणि आम्ही दोघे भेटलो ते सुरतेच्या जिन्याखाली!

आधी तिथे सरळ हिशेब होता. तीन खानदेशी एकीकडे, 'बाकीचे' दुसरीकडे. "भो, मेंढी दे ना!" असे अहिराणीत ओरडले की पलीकडच्यांना कळत नसे, आणि पलीकडे तिघांच्या तीन भाषा. पहिल्या बाजूला भाषेची चोरवाट मिळाली, दुसरीला नाही. हरणे-जिंकणे पत्त्यांवरून उतरून गावांवर गेले. एकदा चहाच्या पैशांवरून 'तुम्ही लोक' असा शब्द निघाला, कुणीतरी कुणाची कॉलर धरली, आणि चार महिने जिना रिकामा राहिला. त्यात दोघे एकाच खात्यात एकाच पाळीला काम करणारे. बाजूबाजूच्या मागांवर उभे राहून चार महिने एकमेकांशी बोलले नाहीत. तुटलेला धागा जोडायला शेजाऱ्याला हाक मारावी लागते, तीसुद्धा बंद. साडूभाऊ हे सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता, आणि उधन्यात आवाज खाली येतो म्हणजे काय, ते तिथे राहिल्याशिवाय समजायचे नाही.

'आपले' आणि 'बाकीचे' हे ऐकून मला मुंबईची पंचरंगी क्रिकेट स्पर्धा आठवली. हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन यांची चौरंगी १९१२पासून होतीच. १९३७ साली त्यात पाचवा संघ आला, त्याचे नावच मुळी 'रेस्ट', म्हणजे उरलेसुरले. जो कशातच बसत नाही तो त्यात. १९४३च्या अंतिम सामन्यात या उरल्यासुरल्यांकडून सांगलीच्या विजय हजारे या मराठी ख्रिस्ती फलंदाजाने हिंदू संघाविरुद्ध ३०९ धावा काढल्या. संघाच्या सगळ्या मिळून ३८७! भाऊ विवेकबरोबर तीनशेची भागी झाली, त्यात विवेकच्या २१. असा खेळ पुन्हा दिसायचा नाही, पण संघबांधणी म्हणून पाहिले तर तो आरसाच आहे. एकाकडे सगळी ताकद, बाकीचे हात टेकलेले, आणि शेवटी पराभव. बरे, 'आपल्या' संघात तरी सगळे आपले होते का? पळवणकर बाळूसारखा गोलंदाज हिंदूंकडून खेळला, पण जातीमुळे कप्तानपद त्याच्यापर्यंत कधी पोचले नाही. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला ते १९२३ साली मिळाले. गांधीजींनी १९४०मध्ये या जातवार सामन्यांना उघड नापसंती दर्शवली आणि १९४६ साली ते कायमचे बंद झाले. प्रेक्षक मात्र तुडुंब असत, हे नाकारण्यात अर्थ नाही. 'आपले' विरुद्ध 'बाकीचे' हा सामना नेहमीच गर्दी खेचतो.

उधन्यातला तिढा सुटला तो सुरती बाबांमुळे. सहा पाने घ्यायची, तीन लाल, तीन काळी, पालथी टाकायची आणि प्रत्येकाने एक उचलायचे. लाल एकीकडे, काळे दुसरीकडे, आणि बसायचे एक आड एक. डाव संपला की पुन्हा उचलायचे. मी कारकुनी सवयीने हिशेब केला. सहा जणांच्या तीन-तीनच्या दोन बाजू दहा प्रकारे पडतात. म्हणजे तिघे खानदेशी एकत्र येण्याचा योग दहातून एकदा. (चौघे असले तर जोड्या पाडण्याचे प्रकार फक्त तीन, म्हणजे तीन डावांत प्रत्येकजण प्रत्येकाचा भिडू होऊन जातो. चवथीला आमच्याकडे करून बघण्यासारखे आहे. कायमची जोडी लागली की रुसवेही कायमचे.) मी विचारले, तो दहावा प्रकार आला तर पाने पुन्हा उचलता का? बाबा म्हणाले, नाही, आला तर तसाच खेळायचा. तो टाळला तर मग बाकीच्या नऊंवर कोण भरवसा ठेवणार?

आणखी एक भानगड होती. सहा जणांना ५२ पाने सारखी वाटता येत नाहीत. चार दुर्र्या काढल्या की ४८ उरतात, प्रत्येकी आठ. आठ ही संख्या सम. दोन-दोन मेंढ्या आणि चार-चार हात झाले की डाव लटकला, आणि लटकलेला डाव म्हणजे भांडणाला दार उघडे. गंजामच्या तरुणाचा उपाय असा, की दोन जोड घ्यायचे, १०४ पैकी दोनच दुर्र्या काढायच्या, उरल्या १०२, प्रत्येकी सतरा. मेंढ्या आठ आणि हात विषम, सगळे पुन्हा जुळले. फक्त एकाच हातात दोन सारखी पाने पडली तर मागून आलेले वरचढ मानायचे. हिशेब चोख आहे, पण सतरा पाने मुठीत मावत नाहीत आणि बंद हुकूम कुणाला लक्षात राहत नाही. बाबांचा उपाय मला अधिक पसंत पडला. पाने ४८च ठेवायची आणि बरोबरी झाली तर ज्या बाजूने हुकूम लपवला ती हरली. हुकूम ठरवण्याचा मान घेतलात ना, मग निम्म्याहून जास्त करून दाखवा!

यातून एक जुना अन्यायही निघाला. बंद हुकमात पाने वाटणाऱ्याच्या उजवीकडचा हुकूम लपवतो, आणि हरलेली बाजूच पुन्हा वाटते. म्हणजे हुकूम जिंकणाऱ्याच्याच दारात. एकदा वर गेलेला वरच राहतो. बरोबरीचा दंड हुकूमवाल्यावर बसवला की काटा थोडा परत फिरतो. कट हुकमात, म्हणजे ज्याच्याकडे चालू रंगाचे पान नाही त्याने टाकलेला रंगच हुकूम, हा दोष मुळातच नसतो. जौनपूरवाल्याचे मत तेच पडले आणि ते मला खोडता आले नाही.

नशिबाचा भाग मात्र या सगळ्यातून जात नाही. तो काढायचा तर ब्रिजवाल्यांकडे जावे लागते. लंडनला १७४२ साली हॉइलने ज्या व्हिस्टवर पुस्तक लिहिले, त्याचा हा नातू. त्यांच्या सांघिक सामन्यात दोन टेबले असतात. वाटलेली पाने तशीच जपून दुसऱ्या टेबलावर नेतात आणि तिथे तुमच्या संघाची दुसरी जोडी उलट बाजूला बसून तोच डाव खेळते. चांगली पाने इकडे तुम्हाला, तिकडे समोरच्यांना. नशीब दोन्ही पारड्यांत सारखे. १९५०पासून बर्म्युडा बोल हा जागतिक चषक असाच खेळला जातो. २०१८च्या जकार्ता आशियाई खेळांत ब्रिज आले तेव्हा प्रणव वर्धन आणि शिवनाथ सरकार या साठ आणि छप्पन्न वर्षांच्या जोडीने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले, आणि पत्ते कुटणाऱ्यांना नावे ठेवणाऱ्या कितीतरी बायकांची त्या संध्याकाळी पंचाईत झाली असेल.

उधन्याच्या जिन्याखाली दुसरे टेबल नाही, चटईही एकच. मी निघालो त्या रविवारी सोळा डाव झाले होते. मीटरच्या फळीवर खडूने दोन रकाने होते, त्यांत नावे नव्हती, नुसते लाल आणि काळे. लाल नऊ, काळे सात. प्रत्येक डावाला माणसे बदललेली, त्यामुळे कोण जिंकले हे कुणालाच धड सांगता येईना. चहाचे पैसे कुणी द्यायचे यावर साधारण पाऊण तास वाद चालला. मग पाळीचा भोंगा झाला आणि दोघे उठून कामावर गेले. बरोबरच गेले.